जनावरांत काम करणाऱ्याला ताप येतो तेव्हा

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणारे एका मोठ्या गोठ्यावर कामाला आहेत. दीड महिन्यापूर्वी तिथल्या एका गाईने सातव्या महिन्यात गाभ टाकला. वार, म्हणजे प्लॅसेंटा, आत अडकली होती, ती त्यांनी उघड्या हातांनी सोडवून काढली. गेले तीन आठवडे त्यांना संध्याकाळी कणकण येते, रात्री कपडे बदलावे लागतात इतका घाम सुटतो, कंबर आणि गुडघे दुखतात. सकाळी मात्र बरं वाटतं. दोनदा औषधं घेऊन झाली, नेहमीच्या तापांच्या तपासण्या निगेटिव्ह आल्या. त्यांनी तीन गोष्टी विचारल्या आहेत. हे जनावरांकडून आलं असेल का? पत्नी पाच महिन्यांची गरोदर आहे, तिला धोका आहे का? आणि हे काम सोडून द्यावं का?

मी पशुवैद्य आहे. माणसांना औषध देणं माझं काम नाही आणि इथे बसून निदान करताही येणार नाही. पण तुमची हकिकत कुठल्याही पशुवैद्याला ऐकवली, तर त्याच्या तोंडून पहिलं नाव ब्रुसेलोसिसचं, म्हणजे जनावरांकडून माणसाला होणाऱ्या एका जिवाणूजन्य तापाचं, निघेल. म्हणून बाकीचं नंतर वाचा. आधी उद्याच्या उद्या फिजिशियनकडे जा आणि ताप, घाम, कंबर हे सगळं सांगण्याच्याही आधी एवढं सांगा: "मी गोठ्यावर काम करतो. दीड महिन्यापूर्वी गाभ टाकलेल्या गाईची वार मी उघड्या हातांनी काढली. ब्रुसेलोसिस आणि क्यू फीव्हर तपासून बघता येईल का?" तुमच्या निदानाला या तीन वाक्यांचा जितका उपयोग होईल तितका दुसऱ्या कशाचाच होणार नाही.

ब्रुसेलोसिसचा ताप फसवा असतो. जंतू शरीरात शिरल्यापासून साधारण दोन ते चार आठवड्यांनी तो सुरू होतो, कधी पाच-सहा दिवसांत, तर कधी काही महिन्यांनी. म्हणून माणसाला त्या गाईची आठवणसुद्धा राहत नाही. संध्याकाळी चढतो, पहाटे घाम येऊन उतरतो, काही दिवस गायब होतो आणि पुन्हा येतो. माणूस अंथरुणाला खिळत नाही, पण कामाचाही राहत नाही. अंगात त्राण नाही, कशात मन लागत नाही, सांधे धरलेले. पुरुषांत कधी एका बाजूचं वृषण सुजतं. तसं झालं असेल तर संकोच न करता डॉक्टरांना सांगा, निदानाला ती मोठी खूण आहे. जंतू मणक्यात बसला तर एमआरआयवर ते चित्र मणक्याच्या क्षयासारखं दिसू शकतं आणि उपचारांची दिशाच चुकू शकते. क्वचित तो हृदयाच्या झडपेवर बसतो. या रोगाने मृत्यू फार थोडे होतात, पण होतात ते बहुतेक करून यामुळेच.

तपासणीबद्दल दोन गोष्टी. रोझ बेंगॉल किंवा ॲग्लुटिनेशन या रक्ताच्या चाचण्या लवकर होतात. खरी खात्री रक्तातला जंतू वाढवून, म्हणजे ब्लड कल्चर करून पटते. पण हा जंतू सावकाश वाढतो आणि आधी प्रतिजैविकं घेतलेली असली की सापडण्याची शक्यता आणखी कमी होते. त्यामुळे तिसऱ्यांदा दुकानातून गोळ्या आणून घेऊ नका. दुसरं म्हणजे प्रयोगशाळेत नमुना देताना "ब्रुसेलाचा संशय आहे" असं कागदावर ठळक लिहून द्यायला डॉक्टरांना विनंती करा. प्रयोगशाळेत काम करणाऱ्यांना कामातून होणाऱ्या जिवाणूजन्य रोगांत ब्रुसेला आघाडीवर आहे. कल्चरची प्लेट उघड्या टेबलावर हाताळली, तर तिथल्या तंत्रज्ञालाही तो होतो.

निदान झालंच, तर उपचार आहे आणि तो चांगला आहे, पण लांबलचक आहे. साधारणपणे डॉक्सिसायक्लिन सहा आठवडे आणि त्याच्या जोडीला रिफॅम्पिसिन, किंवा सुरुवातीचे दोन-तीन आठवडे स्ट्रेप्टोमायसिनची इंजेक्शनं. मात्रा आणि जोडी डॉक्टर ठरवतील. लोक घसरतात ते एकाच ठिकाणी: आठ-दहा दिवसांत ताप जातो, बरं वाटतं आणि गोळ्या सुटतात. हा जंतू आपल्याच पेशींच्या आत दबा धरून बसतो, एका औषधाने किंवा थोड्या दिवसांत तो निघत नाही आणि काही महिन्यांनी रोग उलटतो. डॉक्सिसायक्लिन भरपूर पाण्याबरोबर घ्या आणि घेतल्या घेतल्या आडवे होऊ नका, अन्ननलिकेला जखम होते. रिफॅम्पिसिनने लघवी केशरी होते, त्याने घाबरू नका.

आता हे इतकं सरळ असताना दोन वेळा निदान का हुकलं? तुमच्या डॉक्टरांना दोष द्यायला मी हे लिहीत नाही. ताप घेऊन आलेल्या माणसाला प्रवास विचारतात, डास विचारतात, पाणी विचारतात. "काम काय करता" हा प्रश्न राहून जातो आणि रुग्णालाही तो सांगण्यासारखा वाटत नाही. हा प्रश्न किती किमती आहे, ते मलेशियात दिसलं. १९९८ च्या शेवटापासून तिथे मेंदूज्वराचे रुग्ण येऊ लागले. सुरुवातीला हा जपानी मेंदूज्वर आहे असं धरून डासांवर फवारणी झाली, लसीकरण झालं. तरी साथ थांबेना. जपानी मेंदूज्वर मुख्यतः लहान मुलांना होतो, इथे आजारी पडत होते ते धडधाकट पुरुष, आणि त्यातले बहुतेक डुकरांच्या फार्मवर काम करणारे. लस घेतलेले लोकही आजारी पडले. डास तर घरातल्या सगळ्यांनाच चावतात, मग डुकरं हाताळणाराच का पडतो, हा प्रश्न लावून धरल्यावर वाट सापडली. मार्च १९९९ मध्ये डॉ. चुआ कॉ बिंग यांनी एका रुग्णाच्या नमुन्यातून नवाच विषाणू वेगळा केला, तो निपाह. तोवर खूप उशीर झाला होता: २६५ रुग्ण, १०५ मृत्यू. शेजारच्या सिंगापूरमध्ये मलेशियाहून आणलेली डुकरं कापणाऱ्या कत्तलखान्यातले ११ कामगार आजारी पडले, त्यातला एक दगावला. वटवाघळांतला विषाणू डुकरांत आला होता आणि डुकरं मुख्यतः खोकत होती.

तुम्ही लिहिलंय की तुम्ही मारकुट्या आणि चावऱ्या जनावरांपासून जपून असता. ते बरोबरच आहे, लाथ आणि शिंग यांनीही माणसं जातात. पण रोगाच्या हिशेबाने गोठ्यातला सगळ्यात धोक्याचा क्षण जनावर विण्याचा असतो. जनावर गाभडलं असेल, तर त्याहून जास्त. ब्रुसेला गाभण गाईच्या गर्भाशयात बेसुमार वाढतो, कारण तिच्या वारेत एरिथ्रिटॉल नावाची साखर असते आणि ती या जंतूला मानवते. त्यामुळे टाकलेला गर्भ, गर्भजल, वार आणि त्यानंतरचा स्राव या सगळ्यांत कोट्यवधी जंतू असतात. ते हाताच्या बारीक चिरांतून, डोळ्यांतून, तोंडातून, श्वासातूनही आत शिरतात. आणि एक गोष्ट गोठेमालकांच्या पचनी पडत नाही: गाय बहुतेक वेळा एकदाच गाभडते. पुढच्या वेळी ती पूर्ण दिवसांचं वासरू देते, दूध देते, तब्येतीने ठणठणीत दिसते, आणि तरीही विताना आणि दुधातून जंतू टाकत राहू शकते. त्यामुळे "त्या गाईला काही झालेलं नाही" याला फार अर्थ नसतो.

अडकलेल्या वारेबद्दल थोडं सविस्तर, कारण ही सवय सगळीकडे आहे. गर्भाशयात हात घालून, वार जिथे चिकटलेली असते ती एकेक बटणासारखी गाठ सोडवत ती काढणं हे काम पूर्वी पशुवैद्यांना शिकवलं जायचं. आता ते करू नये असंच सांगितलं जातं. ओढून काढल्याने गर्भाशयाच्या अस्तराला जखमा होतात, तुकडे आत राहतात, संसर्ग वाढतो. बाहेर लोंबणारा भाग कापून टाकावा, गाईचं तापमान रोज बघावं, ताप आला किंवा तिने खाणं सोडलं तर पशुवैद्यांकडून उपचार करावेत. वार काही दिवसांत आपोआप सुटून पडते. म्हणजे ज्या कामात तुमचा हात कोपराच्या वरपर्यंत त्या घाणीत होता, ते काम गाईलाही नको होतं. हे तुम्हाला कोणी सांगितलं नव्हतं, आणि सांगणं आम्हा पशुवैद्यांचं काम होतं.

वासरू अडलं तर मात्र हात घालावाच लागतो. तेव्हा खांद्यापर्यंतचा प्लॅस्टिकचा हातमोजा घाला आणि पंजावर त्याच्या वरून नायट्राइलचा घट्ट मोजा चढवा. एकटा लांब मोजा बोटांवर सैल पडतो, दोरी धरता येत नाही, मग वैतागून माणूस तो काढून फेकतो. दुहेरी मोज्याने पकड राहते. लांब मोजा खांद्यापाशी चिमट्याने शर्टाला अडकवा, नाहीतर तो घसरून कोपरापाशी गोळा होतो आणि त्यातून गर्भजल आत झिरपतं. ते मोजा नसण्याहून वाईट, कारण ते अर्धा तास कातडीला लागून राहतं. नखं कापलेली हवीत, अंगठी काढलेली हवी, डोळ्यांवर चष्मा हवा. ओढताना वासरू एकदम सुटतं आणि गर्भजलाचा फवारा थेट तोंडावर येतो, हे ज्याने एकदा अनुभवलंय त्याला चष्म्याचं महत्त्व सांगावं लागत नाही. वासरू श्वास घेत नसेल तर त्याच्या नाकाला तोंड लावून फुंकू नका. नाकपुडीत काडीने गुदगुल्या करा, कानात गार पाणी टाका, कोरड्या गवताने छाती खसाखसा चोळा, त्याला छातीवर बसतं करा. एवढ्यानेही बहुतेक वासरं दम घेतात.

गाभ पडला की बाकीची जनावरं, कुत्री आणि माणसं तिथून दूर करा. पशुवैद्यांना नमुने घेऊ द्या. वार आणि गर्भ उकिरड्यावर फेकू नका, कुत्री ती ओढत घरापर्यंत आणतात. खोल पुरा किंवा जाळा, जागा जंतुनाशकाने धुवा. झाडून काढायच्या आधी जमीन ओली करा. धूळ उडवायची नाही.

धुळीवर मी एवढा जोर देतोय तो क्यू फीव्हरमुळे. ब्रुसेलोसिसच्या बरोबरीने त्याची तपासणी करायला सांगितली, कारण दोन्हींचा रस्ता एकच आहे: विणं, गाभडणं, वार. १९३७ मध्ये एडवर्ड डेरिक यांनी ऑस्ट्रेलियातल्या ब्रिस्बेनच्या खाटीकखान्यातल्या कामगारांमध्ये या तापाचं वर्णन केलं. जंतू कॉक्सिएला बर्नेटी. संसर्ग झालेल्या मेंढीच्या वारेच्या एका ग्रॅममध्ये तो अब्जाच्या घरात असू शकतो, आणि माणूस आजारी पडायला मोजके जंतू पुरतात. तो वाळतो, धुळीत महिनोन्‌महिने टिकतो आणि वाऱ्यावर जातो. नेदरलँड्समध्ये २००७ ते २०१० या काळात दुधाळ शेळ्यांच्या मोठ्या फार्मांमधून अशीच साथ पसरली. नोंदलेले रुग्ण ४,०००च्या आसपास होते आणि त्यातले बरेचसे शेळीला हातही न लावलेले, फार्मपासून काही किलोमीटरवर राहणारे लोक होते. शेवटी ५०,०००हून अधिक शेळ्या माराव्या लागल्या. बहुतेकांना हा फ्लूसारखा होऊन जातो, काहींना न्यूमोनिया किंवा यकृताची सूज येते. पण ज्यांच्या हृदयाच्या झडपेत आधीच दोष आहे त्यांच्यात तो वर्षानुवर्षं मुक्काम करू शकतो. त्यामुळे झडपेचा त्रास असलेल्या माणसाने विणाऱ्या शेळ्या-मेंढ्यांच्या कामाला लागूच नये. ऑस्ट्रेलियात १९८९ पासून खाटीकखान्यातल्या आणि मेंढ्यांच्या कामगारांसाठी याची लस आहे. आधी कातडीची आणि रक्ताची चाचणी करूनच ती देतात, कारण पूर्वी संसर्ग होऊन गेलेल्याला ती दिली तर मोठी रिॲक्शन येते.

आता तुमच्या पत्नीबद्दल. तुमच्या प्रश्नातला हा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. गरोदरपणात ब्रुसेला, क्यू फीव्हर, लिस्टेरिया, टॉक्सोप्लाझ्मा आणि मेंढ्या-शेळ्यांत गर्भपात घडवणारा क्लॅमिडिया यांपैकी कुठलाही जंतू गर्भाला धोक्याचा आहे. ब्रुसेलोसिस माणसाकडून माणसाला सहसा होत नाही, त्यामुळे तुमच्या शेजारी बसल्याने, तुमच्या ताटात जेवल्याने तिला तो होणार नाही. शरीरसंबंधातून झाल्याच्या क्वचित नोंदी आहेत, तेव्हा तुमचं निदान आणि उपचार होईपर्यंत त्याबद्दल डॉक्टरांना मोकळेपणी विचारा. तिला खरी भीती दोन गोष्टींची आहे. एक, गोठ्यातून घरी येणारं कच्चं दूध. दूध उकळून प्या, कच्च्या दुधाचं लोणी किंवा चीज घरात नको. कारखान्यात दूध ७२ अंश सेल्सिअसला १५ सेकंद तापवतात तेवढ्यानेही ब्रुसेला मरतो, त्यामुळे उकळलेल्या दुधाची चिंता नको. दुसरी, तुमचे कामाचे कपडे आणि बूट. ते गोठ्यावरच काढा, तिथेच धुवा, तिने ते झटकू नयेत आणि धुऊही नयेत. तिने विण्याच्या काळात गोठ्यात जाऊच नये. ती आत्तापर्यंत कच्चं दूध पीत असेल किंवा गोठ्यात मदत करत असेल, तर ताप नसला तरी तिच्या प्रसूतितज्ज्ञांना हे कळवा आणि तिचं रक्त तपासायचं का ते त्यांना ठरवू द्या. तुमच्या गोळ्या तिला कधीही देऊ नका, डॉक्सिसायक्लिन गरोदरपणात टाळतात.

विण्याच्या खालोखाल मला भीती वाटते ती लाळ गळणाऱ्या जनावराची. गाय गव्हाणीपाशी उभी आहे, तोंडातून लाळेच्या तारा लोंबताहेत, पाणी प्यायला जाते पण गिळता येत नाही, मधूनच घसा बसल्यासारखी हंबरते. बघणाऱ्याला वाटतं, घशात काहीतरी अडकलंय. आणि तो बाही सरसावून हात तोंडात घालतो. जनावरांतला रेबीज पुष्कळदा असाच दिसतो, अंगावर धावून येणारं जनावर दरवेळी दिसत नाही. अशा जनावराच्या तोंडात हात घालायचा नाही, पशुवैद्य येईपर्यंत त्याला वेगळं बांधायचं, एवढा एक नियम पाळा. लाळ जखमेला किंवा डोळ्यांत-तोंडात लागलीच, तर साबण लावून वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं धुवा (डोळे आणि तोंड नुसत्या पाण्याने) आणि त्याच दिवशी लस आणि गरज असेल तर इम्युनोग्लोब्युलिन (तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन) घ्या. लक्षणं दिसायला साधारण एक ते तीन महिने लागतात आणि तेवढा वेळच आपल्या हातात असतो. लक्षणं सुरू झाली की माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही. जे रोज जनावरं हाताळतात त्यांनी आधीच लस घेऊन ठेवावी. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१८ च्या शिफारशीनुसार त्यासाठी पहिल्या दिवशी आणि त्यानंतर सात दिवसांनी अशा दोन फेऱ्या पुरतात. नंतर संशयास्पद संपर्क आला तर पुन्हा डोस घ्यावे लागतात, पण थोडे, आणि इम्युनोग्लोब्युलिन लागत नाही.

जनावर अचानक मेलं, पोट भराभर फुगलं, नाकातोंडातून किंवा गुदद्वारातून काळपट, न गोठणारं रक्त येतंय, मढं नेहमीसारखं ताठरलं नाही: हात लावू नका, कातडं काढू नका, पोट फाडू नका. हा अँथ्रॅक्स, म्हणजे काळपुळी असू शकतो. मढं बंद असलं तर आतले जंतू कुजण्याने बरेचसे मरतात. फाडलं की हवा लागते आणि त्यांचे बीजाणू होतात, ते जमिनीत कित्येक दशकं राहतात. स्कॉटलंडजवळच्या ग्रुइनार्ड बेटावर दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिशांनी याची चाचणी घेतली होती, ते बेट १९९० पर्यंत माणसांना बंद होतं. शक्य तर मढं जाळावं. पुरायचं झालं तर खोल पुरावं, आणि इथे चुना वापरू नये, त्यातलं कॅल्शियम बीजाणूंना टिकायला मदतच करतं. माणसाला तो बहुतेक वेळा कातडीवर होतो: आधी खाजरा फोड, मग मधोमध काळी खपली, भोवती सूज, आणि एवढं दिसूनही दुखत नाही. न दुखणारी काळी खपली आणि जनावराचा संपर्क, हे दोन्ही जुळलं की त्याच दिवशी डॉक्टर गाठा. वेळेत प्रतिजैविक मिळालं तर माणूस बरा होतो.

धार काढणाऱ्यांचा धोका थोडा वेगळा. तिथे मूत आणि दूध डोळ्यांच्या उंचीवरून उडतं. मुतातून लेप्टोस्पायरोसिस येतो: एक-दोन आठवड्यांनी जोराचा ताप, पोटऱ्या हात लावू देत नाहीत इतक्या दुखतात, डोळे लाल, पुढे कावीळ आणि मूत्रपिंडाला इजा. न्यूझीलंडमध्ये दूध काढणाऱ्यांत हा फार होता. गाईंना लस द्यायला सुरुवात झाल्यावर माणसांतले रुग्ण खूप घटले. जनावराला टोचून माणूस वाचवण्याचं इतकं चोख उदाहरण मला दुसरं ठाऊक नाही. २०२४ मध्ये अमेरिकेतल्या दुधाळ गाईंत बर्ड फ्लूचा एच५एन१ विषाणू सापडला आणि तो दुधात प्रचंड प्रमाणात होता. गोठ्यांवरच्या ज्या कामगारांना तो लागला त्यांच्यात मुख्य लक्षण होतं लाल, चुरचुरणारे डोळे. साधा संरक्षक चष्मा लावला तर या दोन्हींपासून बराच बचाव होतो.

कातडीचे रोग चटकन सांगतो. वासरांच्या डोळ्यांभोवती गोल, खरबरीत, केस गेलेले चट्टे म्हणजे गजकर्ण, माणसाच्या हातावर ते लालबुंद आणि सुजलेलं येतं. शेळ्या-मेंढ्यांच्या ओठांवरच्या फोडांतून माणसाच्या बोटावर ऑर्फचा फोड येतो, तो पाच-सहा आठवड्यांत आपोआप जातो, चिरा देऊ नका. डुकरांत काम करणाऱ्यांच्या नाकात औषधांना न जुमानणारा स्टॅफिलोकोकस हा जिवाणू वस्तीला असू शकतो. तो सहसा त्रास देत नाही, पण शस्त्रक्रियेसाठी रुग्णालयात दाखल होताना आपलं काम सांगितलं पाहिजे. नेदरलँड्समध्ये तर डुकरांच्या फार्मवरच्या माणसाला दाखल करताना त्याची आधीच तपासणी होते. हगवण लागलेल्या लहान वासरांकडून क्रिप्टोस्पोरिडियम आणि साल्मोनेला हे हगवणीचे जंतू येतात, पशुवैद्यकाच्या विद्यार्थ्यांना याचा प्रसाद वरचेवर मिळतो. गोचीड नखाने चिरडू नका: क्रिमियन काँगो ताप गोचिडीतून आणि ताज्या रक्तातून येतो आणि जनावरात त्याची काहीच खूण दिसत नाही.

खाटीककाम करणाऱ्यांनी आणखी एक लक्षात ठेवावं. डुकराचं मांस कापताना हात कापला आणि दोन-तीन दिवसांत ताप, मान ताठ, ऐकू कमी येऊ लागलं, तर तो स्ट्रेप्टोकोकस सुइसचा मेंदूज्वर असू शकतो. बहिरेपणा कायमचा राहू शकतो, म्हणून तासही दवडायचे नाहीत. गाईच्या क्षयाचा जंतू लागलेल्या माणसावर पायराझिनामाइड हे क्षयाचं नेहमीचं औषध चालतच नाही. म्हणजे तुम्ही काय काम करता यावर कधीकधी औषधाची निवडही ठरते.

लस टोचणाऱ्यांसाठी: ब्रुसेलाची जनावरांची लस जिवंत जंतूंची असते. सुई स्वतःच्या हातात घुसली किंवा फवारा डोळ्यांत गेला तर धुऊन लगेच डॉक्टरांकडे जा आणि बाटली बरोबर न्या. एस-१९ आणि आरबी-५१ या दोन लसींत फरक आहे. आरबी-५१ वर रिफॅम्पिसिन चालत नाही आणि तिचा संसर्ग नेहमीच्या रक्तचाचणीत दिसतही नाही.

तुमच्या मालकांना हे वाचायला द्या. गाभडलेल्या गाईची आणि बाकी कळपाची तपासणी आता व्हायलाच हवी. सातव्या महिन्यातल्या या एका गर्भपातावर प्रकरण थांबेल असं धरून चालणं महागात पडतं. कालवडींचं लसीकरण, विण्यासाठी वेगळी जागा, नवीन आणलेलं जनावर तपासून मगच आत घेणं, हे त्यांचं काम. मोजे, चष्मे, बूट, साबण आणि हात धुवायला गोठ्यातच पाण्याचा नळ, हेही त्यांचंच. कामगाराने स्वतःच्या पैशाने मोजे आणायचे असतील तर मोजे येणार नाहीत, हे मी जागोजागी पाहिलंय. तुमच्याबरोबर त्या गाईला कोणी कोणी हात लावला होता, तिचं दूध कोणी कच्चं प्यायलं, याची यादी करा आणि त्यांना तापाकडे लक्ष ठेवायला सांगा. एकाला झालं की बहुतेक वेळा आणखी कोणीतरी अंगावर काढत असतो.

काम सोडायचं का? त्याची गरज मला दिसत नाही. तुमच्या हातात कला आहे, ती वाया घालवू नका. निदान होऊन उपचार सुरू असेपर्यंत विणं, गाभडणं आणि वार यांच्यापासून पूर्ण लांब राहा. चारा, खाणं, नोंदी अशी कामं मागून घ्या. पत्नीची प्रसूती होईपर्यंत हीच व्यवस्था चालू ठेवता आली तर फार बरं. एकदा ब्रुसेलोसिस होऊन गेला की पुन्हा होत नाही असं नाही, त्यामुळे कळप तपासला जाईपर्यंत उघड्या हातांनी पुन्हा काम नको. गोळ्या संपल्यावर किमान सहा महिने तापाची नोंद ठेवा. पुन्हा संध्याकाळची कणकण किंवा कंबरदुखी आली, तर त्याच डॉक्टरांकडे जुने कागद घेऊन जा. नवीन डॉक्टर गाठलात, तर सुरुवात पुन्हा गोठ्यापासून करा.